संडे स्कूल उंबराखाली: पाचवी ते आठवीच्या मुलांना रानात नेणाऱ्या नव्या टीचरसाठी

माझी पहिली बाहेरची शाळा पार फसली होती. बेचाळीस मुलं, भाड्याचा टेम्पो, बॅटरीवरचा स्पीकर आणि बायबलमधलं एकोणिसावं स्तोत्र. ‘आकाश देवाचा महिमा वर्णिते’ या एका ओळीवर मी एका शेतातल्या विहिरीपाशी उभी राहून चाळीस मिनिटं बोलले. शेवटी पुढच्या रांगेतली मुलगी म्हणाली, ‘टीचर, आता खेळायला जाऊ?’ रात्री फोटो चाळताना दिसलं, की माझ्या डोक्यामागे विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे सात-आठ खोपे लटकत होते. एक पिवळा नर अर्धवट विणलेल्या खोप्याला उलटा लोंबकळत होता. बेचाळीस मुलांपैकी कुणी वर पाहिलं नव्हतं. मीही नाही. (विहिरीच्या काठाशी मुलं उभी करणं ही आणखी वेगळी चूक. त्याबद्दल पुढे.)

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: आधी पाहायचं, मग वाचायचं, आणि बोलायचं सगळ्यात शेवटी, तेही थोडं. खालचं सगळं या नियमाभोवती फिरतं. मी नगर जिल्ह्यातली, आता अहिल्यानगर म्हणायचं, त्यामुळे उदाहरणं इथल्या माळाची, ओढ्याची आणि ज्वारीच्या शेतांची आहेत. तुम्ही वसईचे असाल तर तिवरं आणि वाडी घ्या, कोल्हापूरकडचे असाल तर ऊस आणि डोंगर.

‘हे इंग्रजी शाळांचं फॅड आहे’ असं मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, कुणीतरी म्हणेलच. त्यांना आठवण करून द्या की अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 साली आलं, आणि त्याच नगरच्या मंडळीत पुढे राहिले ते रेव्हरंड ना. वा. टिळक, ज्यांना सगळा महाराष्ट्र फुलामुलांचा कवी म्हणून ओळखतो. फुलं आणि मुलं एकत्र आणायला आपल्याला बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही.

जागा निवडा, आणि एकच निवडा

नव्या माणसाला वाटतं दर वेळी नवीन ठिकाण हवं. उलट आहे. चर्चपासून चालत वीस मिनिटांच्या आत असलेली एकच जागा घ्या आणि वर्षभर तिथेच जा. ओढ्याचा काठ, कुणाचं तरी शेत आणि बांध, गायरानाचा कोपरा, काहीही चालेल. पाचवीतलं मूल जून महिन्यात पाहिलेलं झाड फेब्रुवारीत निष्पर्ण पाहतं, तेव्हा त्याला जो धक्का बसतो तो कुठल्याच सहलीत बसत नाही. रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात (कर्जत तालुका, 1980 पासूनचं, जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं) वर्षातून एकदा जरूर न्या, पण ती मेजवानी. रोजची भाकरी म्हणजे तुमचा ओढा.

मुलांना नेण्याआधी स्वतः तीनदा जा, ज्या वेळेला मुलं येणार त्याच वेळेला. सावली कुठे पडते, कुत्री कुणाची आहेत, कठडा नसलेली विहीर कुठे आहे, विजेची तार कुठे खाली आली आहे, शेतमालक औषध कधी फवारतो हे बघून घ्या. फवारणीनंतर निदान काही दिवस त्या शेतात पाऊल नको. कठडा नसलेल्या विहिरीपासून आमची हद्द पन्नास पावलं. पहिल्याच दिवशी मुलांकडूनच ती मोजून घेते आणि तिथे चुन्याची रेघ मारते.

परवानगी आणि माणसं

क्रम असा ठेवा: पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू), मग पंचमंडळ (मंडळीचा कारभार बघणारे), मग आई-वडील, मग जमिनीचा मालक. जमिनीच्या मालकाकडे स्वतः चालत जा, फोनवर उरकू नका. ‘काका, मुलं काही तोडणार नाहीत, काही टाकणार नाहीत, दीड तास बसतील’ एवढं पुरतं. बहुतेक वेळा काकाच येऊन बसतात आणि तुमच्यापेक्षा जास्त सांगतात. अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याच्या नियमाप्रमाणे आधी नोंद करा.

पालकांकडून लेखी संमती घ्या. कागदावर मुलाची ॲलर्जी, दमा, फिट येते का, आणि तातडीचा नंबर हे चार रकाने हवेतच. फोटो काढायचे का आणि मंडळीच्या ग्रुपवर टाकायचे का, तेही तिथेच विचारा.

मोठ्यांचं प्रमाण: सहा-सात मुलांमागे एक, आणि काहीही झालं तरी कमीत कमी दोन मोठी माणसं, त्यात एक बाई. कुठलंही मूल एका मोठ्या माणसासोबत एकटं झाडामागे जाणार नाही, मग तो माणूस कितीही ओळखीचा असो. लघवीला जाताना मुलं जोडीने जातील. हे संशय म्हणून नाही, शिस्त म्हणून पाळा. पहिल्या वर्षी पंधरा मुलांपेक्षा जास्त घेऊ नका. बेचाळीस मुलं म्हणजे जत्रा.

आणखी एक गोष्ट, जी लिहायला कुणी धजत नाही. आपल्या मुलांबरोबर शेजारची हिंदू, मुस्लिम मित्रमंडळी येतात, आणि यावीत. पण त्यांच्या घरी जाऊन स्वच्छ सांगा की आम्ही झाडं-पाखरं बघतो आणि बायबलमधला एक उतारा वाचतो. चालत असेल तर पाठवा. आडून काही करू नका. सरपंचांच्याही कानावर घाला. अशा वेळी रानात टाळ्या-गाण्यांचा स्पीकर नेण्याचा हट्ट सोडला तर कुणाची तक्रार येत नाही, आणि पाखरंही थांबतात.

पिशवीत काय, आणि कशाला घाबरायचं

प्रत्येक मुलाकडे निदान एक लिटर पाणी, टोपी, बंद बूट, पूर्ण लांबीची पँट. चप्पल घालून आलेल्या मुलाला मी परत पाठवत नाही. एक जुना बुटांचा गठ्ठा चर्चच्या स्टोअरमध्ये ठेवला आहे. टीचरच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज, पट्ट्या, चिमटा, शिट्टी, आणि जवळच्या ज्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची लस असते त्याचं नाव कागदावर. हे आदल्या आठवड्यात फोन करून विचारायचं, त्या दिवशी नाही.

साप चावला तर: मुलाला आडवं करून शांत ठेवा, चावलेला अवयव हलू देऊ नका, अंगठी-कडं काढा, 108 ला फोन करा आणि निघा. आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं, मांत्रिक, सगळं बंद. सापाला मारून बरोबर न्यायचीही गरज नाही. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. मुलांना हे पाठ असलं पाहिजे, कारण घरी आजीला तेच सांगणार आहेत.

आग्या मोहोळ दिसलं तर त्या झाडाच्या आसपास त्या दिवशी शाळा भरत नाही. दगड नाही, धूर नाही, सेंट नाही.

आकाशात गडगडलं की सामान तिथेच टाकून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडमध्येही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात हे फार जपा. विजेचा इशारा देणारं सरकारी ‘दामिनी’ ॲप फोनवर असू द्या.

ऊन विसरू नका. मार्चपासून सकाळी सात ते साडेआठ, त्यापुढे नाही. उपासनेची वेळ आड येत असेल तर शनिवार घ्या.

पहिली दहा मिनिटं

मुलं पोचली की ती ओरडणार, ढकलणार, एकमेकांच्या कॉलरीत कुसळं टाकणार. पाच मिनिटं टाकू द्या. मग प्रत्येकाला स्वतःची एक जागा निवडायला सांगा, दुसऱ्यापासून दहा पावलं लांब, आणि तिथे गप्प बसायचं. आम्ही तिला ‘बैठक’ म्हणतो. पहिल्या दिवशी तीन मिनिटं. हो, तीनच. सातवी-आठवीची मुलं या वयात एकमेकांकडे बघून हसण्यात पटाईत असतात, त्यांना तीन मिनिटंही भारी जातात. दर वेळी दोन मिनिटं वाढवत न्या. दिवाळीपर्यंत पंधरा होतात. जागा बदलायची नाही. वर्षभर तोच दगड, तेच बोरीचं झुडूप.

तुम्हीही बसा. हजेरी लावत किंवा मोबाइल बघत फिरू नका.

‘कंटाळा आला’ हे पहिल्या महिन्यात दर वेळी ऐकायला मिळेल. ऐका आणि काही करू नका. कंटाळ्याच्या पलीकडे गेल्यावरच मुलाला मुंगी दिसते.

वही

शंभर पानी कोरी वही आणि पेन्सिल, पेन नाही. पावसात शाई फुटते. वर तारीख, वेळ, ऊन की ढग, वारा. खाली तीन ओळी: ‘दिसलं’, ‘कशासारखं वाटलं’, ‘विचारायचंय’. चित्र काढायचंच, येत नसलं तरी. बाणाने नावं लिहायची. ‘मला चित्र येत नाही’ म्हणणाऱ्याला सांगा की पान पाहून नक्कल कर, सुंदर नको, खरं हवं. किती शिरा, कडा कातरलेल्या की सरळ, एवढं आलं की झालं.

झाडाचं किंवा पाखराचं नाव लगेच सांगू नका. नाव मिळालं की मूल बघणं थांबवतं. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात आदामासमोर प्राणी आणले गेले आणि त्याने नावं ठेवली. तसं आधी मुलांना स्वतःचं नाव ठेवू द्या. आमच्याकडे एका पाखराला मुलांनी ‘शेपूटहलव्या’ म्हटलं. धोबी हे खरं नाव महिन्याभराने कळलं, तेव्हा त्यांना ते त्यांच्या नावापुढे फिकं वाटलं.

तपासताना शुद्धलेखनाला हात लावू नका. फक्त ‘विचारायचंय’च्या ओळीखाली पेन्सिलीने आपलाही एक प्रश्न लिहा.

पाठ पहिला: चार प्रकारची जमीन

पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, मुलांना पाठ असतो. त्यामुळेच तो त्यांना ऐकू येत नाही. म्हणून हा पाठ वाचन न करता सुरू करा.

लागणार काय: दोन्ही बाजूंनी उघडा केलेला पत्र्याचा डबा (कडा बोथट करून), खुरपं, पाण्याच्या बाटल्या, घड्याळ. मुलांचे चार गट करा. एक गट पायवाटेवर, एक मुरमाड उतारावर, एक बांधाच्या काटेरी झुडपांत, एक नांगरलेल्या शेतात. डबा जमिनीत दोन बोटं दाबायचा, अर्धा लिटर पाणी ओतायचं आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग तिथेच खुरप्याने उकरून बघायचं: किती खोलवर माती आहे, मुळं किती, किडे किती, हातात दाबली तर गोळा होते का.

आमच्या पायवाटेवर मुलं वाट पाहून थकली, पाणी डब्यात तसंच उभं. नांगरलेल्या शेतात ते बघता बघता गेलं. काळ्या मातीत मात्र भेग आडवी आली तर पाणी गडप होईल आणि आकडा फसवेल, म्हणून भेग नसलेली जागा बघा.

मग सगळ्यांनी एकत्र बसून आकडे वहीत लिहायचे, आणि तेव्हा कुठे मार्कचा चौथा अध्याय काढायचा. वाट, खडकाळ जागा, काटेरी झुडपं, चांगली जमीन. त्यांच्या हाताला अजून ती माती लागलेली असते. एका वर्षी सहावीतला एक मुलगा वाचन चालू असताना मध्येच म्हणाला, ‘टीचर, पण वाट पण आधी शेतच होती ना? लोकं चालून चालून कडक झाली.’ मी इतकी वर्षं ऐकलेल्या प्रवचनांत हे कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. मी पुढे काही बोलले नाही, आणि तुम्हीही अशा वेळी बोलू नका. ती वाट खोदली तर पुन्हा शेत होईल का, यावर मुलं अर्धा तास भांडली.

हाच धागा पुढच्या भेटीत पाण्याकडे न्या. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. इथल्या उघड्या डोंगरांवर पाणी अडवायच्या कामाला ज्यांनी आयुष्य दिलं त्यांत फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू होते. 1993 साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट उभा केला. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत त्यांचं काम झालं. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी तर सगळ्यांना ठाऊक आहेत. पाणलोटाच्या कामात म्हणतात तसं, धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबवायचं आणि थांबलेल्याला मुरवायचं.

मुलांकडून ए-फ्रेम करून घ्या. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर बांधायच्या, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड. ओळंबा आडव्या काठीच्या मध्यावर आला की दोन्ही पाय एका पातळीवर. असं पाऊल पाऊल पुढे सरकत उतारावर चुन्याने समपातळीची रेघ आखता येते. वाकडीतिकडी रेघ बघून मुलांना वाटतं चुकलं. चुकलेलं नसतं, डोंगरच तसा असतो.

पाठ दुसरा: उंबर

माझा सगळ्यात आवडता. मराठी बायबलमध्ये येशूला बघायला जक्कय नावाचा माणूस ज्या झाडावर चढला ते उंबर. भाषांतर करणाऱ्यांनी हा शब्द उगाच वापरलेला नाही: यरीहोचं ते झाड आणि आपला उंबर दोन्ही अंजिराच्याच कुळातले, सख्खे नाहीत पण चुलत भाऊ. आमोस संदेष्टाही स्वतःला गुरं राखणारा आणि उंबरांची निगा करणारा म्हणवतो. तिकडे त्या फळांना चिरा देऊन ती पिकवायची रीत होती.

ओढ्याकाठचा उंबर शोधा. देवळाजवळचा किंवा पार बांधलेला असेल तर तिथल्या माणसांना विचारून बसा, बूट बाहेर काढा, फांदी मोडू नका. अनेकांसाठी ते दत्ताचं ठिकाण आहे. खाली पडलेली उंबरं भरपूर मिळतात, तीच वापरा.

प्रत्येक मुलाला दोन उंबरं द्या, एक कच्चं आणि एक पिकलेलं. विचारा: ‘उंबराचं फूल कुणी पाहिलंय?’ कुणी ना कुणी म्हणतं की ते दिसत नसतं, क्वचित येणाऱ्या माणसाला आजी ‘उंबराचं फूल’ म्हणते. आता कच्चं उंबर उभं कापा. आतल्या भिंतीला दाटीने चिकटलेले जे बारीक तंतू दिसतात ती फुलं, शेकड्यांनी. आजीची म्हण खरी आणि खोटी एकदमच ठरते.

मग पिकलेलं फोडा. किंकाळ्या येतील. आतून मोहरीहूनही लहान किडे निघतात, काही पंखवाले, काही नाहीत. एकदा एका मुलाने उंबर फेकून दिलं आणि दोन मिनिटांनी गुपचूप उचलून आणलं. त्याच्या बोटावर एक इवलीशी गांधीलमाशी पंख सावरत उभी होती, सगळे श्वास रोखून बघत होते, आणि ती उडाली.

तिची गोष्ट मुलांना सांगा, पण ती उडाल्यानंतर. मादी फळाच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरते. ते इतकं अरुंद असतं की बऱ्याचदा तिचे पंख तिथेच तुटतात. आत ती परागकण पोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची बिनपंखांची नर पिल्लं आतच जन्मतात आणि बाहेर पडायची वाट कोरतात. त्या वाटेने नव्या माद्या परागकण घेऊन दुसरं उंबर शोधायला निघतात. ही माशी नसेल तर उंबराला बी नाही, आणि उंबर नसेल तर माशीला घर नाही.

आता लूकचा एकोणिसावा अध्याय. इथेही बोध काढायची घाई नको. गर्दीत पुढचं दिसत नाही म्हणून झाडावर चढलेला बुटका माणूस सातवीतल्या मुलांना फार जवळचा वाटतो, कारण त्यांच्या वर्गात कुणी एका वर्षात फूटभर वाढलेलं असतं आणि कुणी अजिबात नाही. फक्त एवढं विचारा: ‘वरून त्याला काय काय दिसलं असेल?’ चढायची परवानगी असेल तर मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंतच, आणि एका वेळी एकच मूल. ओल्या सालीवर मुळीच नाही.

पाठ तिसरा: पाखरं आणि मुंग्या

‘आकाशातील पाखरांकडे निरखून पाहा’ हे वचन आहे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात. ‘निरखून’ हा शब्द फळ्यावर लिहून ठेवण्याजोगा. हिवाळ्यात ज्वारी पोटरीत-कणसात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. त्या वेळी मुलांना शेताच्या बांधावर बसवून हे वचन वाचलं, तर एखादा हमखास म्हणतो, ‘ती पेरत नाहीत, पण कापणी तर करतायत!’ हसू द्या. मग शेतकऱ्याला बोलवा. गोफण कशी फिरवतात ते तो दाखवेल, आणि याच भोरड्या नाकतोडेही फस्त करतात हेही तोच सांगेल. येशूचे श्रोते शेतकरीच होते; कणसावरचं पाखरू त्यांनाही ठाऊक असणार.

टिटवीचा पाठ छोटा आहे आणि दुरूनच करायचा. उन्हाळ्यात ती उघड्या मुरमावर अंडी घालते, बहुधा चार, अगदी खड्यांच्या रंगाची. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की आपण कुणाच्या तरी घरात पाय टाकला आहे असं समजायचं आणि आल्या वाटेने मागे फिरायचं. सावलीत बसल्यावर बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातला घरट्याचा नियम वाचा: पिल्लांवर बसलेल्या आईला पिल्लांसकट धरायचं नाही. शहाण्णव कुळी शेतकऱ्याचा मुलगा असो की शहरातला, हा नियम इतका जुना आहे याचं सगळ्यांना नवल वाटतं.

मुंग्यांसाठी माळावर गवताचं बी गोळा करणाऱ्या मुंग्यांचं वारूळ शोधा. बिळाच्या तोंडाभोवती सोललेल्या टरफलांचं कडं दिसतं. एकेका मुलाने एकेक मुंगी दहा मिनिटं डोळ्यांनी धरून ठेवायची. ‘अरे आळशा, मुंगीकडे जा’ हे नंतर वाचा आणि तयारीत राहा, कारण कुणीतरी म्हणेल, ‘टीचर, माझी मुंगी तर नुसतीच फिरत होती.’ खरं आहे. वारुळात बऱ्याच मुंग्या बराच वेळ काही करत नाहीत. जे दिसलं ते वहीत लिहू द्या. वचन वाचवायला मुंगीवर खोटं घालू नका.

द्राक्षवेलीचा पाठ नाशिककडच्यांनी घ्यावा: योहानाचा पंधरावा अध्याय, आणि एप्रिलची खरड छाटणी किंवा ऑक्टोबरची गोडी छाटणी चालू असताना बागेत. मराठी बायबलमधला ‘साफसूफ करतो’ हा शब्द मुलं कात्री चालताना बघतील तेव्हा त्यांना कळेल की तो किती सौम्य आहे. वेल जवळजवळ उघडी होते.

अवघड प्रश्न

खाटीक पक्षी नाकतोडा काट्यावर टोचून ठेवतो. हे एकदा तरी दिसणार, आणि कुणीतरी विचारणार, ‘देवाने असं का केलं?’ मला पूर्ण उत्तर येत नाही, आणि मी तसं सांगते. एकशे चारावं स्तोत्र काढते, तिथे तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जतात आणि देवाकडे आपलं अन्न मागतात. म्हणजे स्तोत्रकर्त्याने शिकार पाहिली होती आणि ती लपवली नाही. तेवढ्यावर थांबते.

उत्क्रांतीवरून आठवीत प्रश्न येतोच, कारण विज्ञानाच्या तासाला तो विषय कानावर पडलेला असतो. शाळेच्या शिक्षकांना खोटं पाडू नका. पाळकसाहेबांशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे मूल घरी एक आणि चर्चमध्ये दुसरं ऐकत नाही.

झाडं लावायची असतील तर

फोटोपुरतं वृक्षारोपण करू नका. लावण्याआधी एकच प्रश्न: मार्चमध्ये याला पाणी कोण घालणार? उत्तरात नाव आलं नाही तर खड्डा खोदू नका. पंधरा मुलांमागे पाच रोपं पुष्कळ. आणि माळरानावर मुळीच लावू नका. माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे. चंडोल, टिटवी, काळवीट यांना उघडं गवतच लागतं, तिथे झाडी केली तर त्यांचं घर जातं. बांध, ओढ्याचा काठ, चर्चचं आवार, कब्रस्तानाची कड या जागा घ्या. कब्रस्तानात आम्ही बकुळ लावली आहे. तिला पाणी घालायला मुलं स्वतःहून जातात, आजी-आजोबांना भेटून येतात.

वर्ष कसं बसवायचं

महिन्यातून दोनदा पुरतं. जूनमध्ये मृगाचा लाल मखमली किडा. हातावर घेऊन बघा, परत ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये सुगरणीचे खोपे, ओढ्याचं गढूळ पाणी बाटलीत भरून गाळ किती बसतो त्याची मोजणी. सप्टेंबरात तरवड आणि गवताची फुलं. ऑक्टोबरात माती आणि वीज या दोन्हींकडे लक्ष. नोव्हेंबर ते जानेवारी भोरड्या, धोबी, आणि जमलं तर जायकवाडीच्या फुगवट्यावर एक सकाळ. नाताळच्या गडबडीत डिसेंबर बुडतो, बुडू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर पेटलेले असतात, नेमका उपवासकाळ. निष्पर्ण झाडावरचं लाल फूल काय सांगतं हे मुलांना विचारू नका, ती स्वतःच सांगतील किंवा सांगणार नाहीत. एप्रिलमध्ये सकाळी सातलाच, फक्त बैठक आणि वही.

मे महिन्यात व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) असते, मुलं रोज येतात, हात रिकामे असतात. शेवटच्या दोन दिवशी त्यांच्याकडून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती आणि शेणखत भरून, तळाला भोकं पाडून, सावलीत ओळीने मांडून घ्या. लिंबोळ्या जूनच्या अखेरीला पडायला लागतात आणि कडुलिंबाचं बी फार दिवस टिकत नाही. गर धुऊन लगेच पेरलं तर उगवतं, डब्यात ठेवून पुढच्या महिन्यावर टाकलं तर बहुतेक वाया जातं.